वन्यप्राणी-वैद्यकाचे परदेशी प्रशिक्षण आणि सीमाभागातील विद्यार्थी



निपाणीहून राष्ट्रीय महामार्गाने बेळगावकडे येताना शहर लागण्यापूर्वी भूतरामनहट्टी हे गाव लागते. तेथील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय शाळांच्या सहलींमुळे या भागातील बहुतेक मुलांच्या परिचयाचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये या संग्रहालयातील काळविटांच्या कळपात मृत्यूचे सत्र सुरू झाले आणि अवघ्या काही दिवसांत ३८ पैकी ३१ काळवीट दगावले. वृत्तपत्रांतून तर्कवितर्क झाले. परंतु शवविच्छेदन व प्रयोगशाळेतील तपासणी यांतून जे निदान पुढे आले ते ऐकून सीमाभागातील कोणत्याही म्हैसवाल्याला नवल वाटले असते. तो रोग होता घटसर्प.

घटसर्प म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा या जंतूचा प्रताप. पावसाळ्याच्या तोंडी गावोगावी ज्याची लस टोचली जाते, ज्यात जनावराला एकाएकी भरमसाट ताप चढतो, गळ्याला सूज येते, श्वासाची घरघर सुरू होते आणि पुष्कळदा दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी दावे रिकामे होते, तोच हा रोग. म्हशीला त्याची लस टोचणे हे पाच मिनिटांचे काम. काळविटाला ती टोचावयाची तर मात्र प्रश्न निराळाच होऊन बसतो. काळवीट धरावयास जावे तर तो धावतो, कुंपणावर आदळतो, आणि धरला गेला तरी त्या भीतीने व धावपळीने त्याच्या स्नायूंचा असा काही नाश होतो की बाहेरून धडधाकट दिसणारा प्राणी काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरून पडतो. म्हणजे रोग गोठ्यातला, उपायही गोठ्यातलाच. परंतु तो उपाय प्राण्यापर्यंत पोहोचविण्याची विद्या मात्र स्वतंत्र आहे. वन्यप्राणी-वैद्यक या नावाने जी शाखा ओळखली जाते तिचे मर्म या एका उदाहरणात बरेचसे सापडते.

याच जंतूने मे २०१५ मध्ये कझाकस्तानच्या गवताळ माळावर सैगा नावाच्या हरिणवर्गीय प्राण्यांचा संहार केला. तीन आठवड्यांत दोन लाखांहून अधिक सैगा मेले. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील तज्ज्ञांसह अनेक देशांचे पशुवैद्य त्या माळावर शवविच्छेदन करीत हिंडले. एरवी सैगाच्या शरीरात निरुपद्रवीपणे वास करणारा हा जंतू त्या वर्षीच्या अवेळी उष्म्यात व दमट हवेत उलटला असावा, अशा निष्कर्षाप्रत ते आले. कझाकस्तानचा माळ आणि भूतरामनहट्टीचे कुंपण यांत हजारो मैलांचे अंतर असले तरी दोन्हीकडे उपयोगी पडते ते ज्ञान एकच. परदेशी शिक्षणाचा विचार करताना ही गोष्ट मनात असलेली बरी.

अलीकडे बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातील बारावीच्या विद्यार्थ्यांत पशुवैद्यकाकडे ओढा वाढत आहे आणि त्यातही ‘वन्यप्राण्यांचा डॉक्टर’ होण्याची आकांक्षा अनेकांच्या मनात असते. तिचा उगम दूरचित्रवाणीवरील चित्रपटांत आहे हे उघड आहे. हेलिकॉप्टरमधून गेंड्यावर झाडलेले भुलीचे इंजेक्शन, आफ्रिकेचा सूर्यास्त, सिंहाच्या छाव्याला बाटलीने दूध पाजणारी तरुण मुलगी. अशा चित्रांच्या जोडीला परदेशातील ‘वन्यजीव पशुवैद्यकीय आंतरवासिता’ देऊ करणाऱ्या संस्थांच्या जाहिराती येतात. दोन-तीन आठवड्यांचे शुल्क, विमानभाडे, विमा, प्रवेशपत्र हे सारे जमेस धरता खर्च काही लाख रुपयांवर जातो. निपाणी भागातील एखाद्या कुटुंबाच्या दृष्टीने ही तंबाखूच्या किंवा उसाच्या हंगामाची रक्कम होय. एवढ्या रकमेचा विनियोग करण्यापूर्वी तिच्या मोबदल्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासून पाहावयास हवे.

प्रथम हे कार्यक्रम निघाले कसे ते पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनमधील पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाबाहेर, प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्याच्या हाताखाली काही आठवडे काम करावेच लागते. त्याशिवाय तिकडील व अमेरिकेतील महाविद्यालये प्रवेश देतानासुद्धा उमेदवाराने प्राण्यांबरोबर किती काम केले आहे हे पाहतात. साहजिकच अशा अनुभवाला तेथे किंमत आली. दुसरीकडे दक्षिण आफ्रिकेत वन्यप्राणी हा शेतीसारखाच धंदा बनला आहे. पुरेसे कुंपण घातलेल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क तेथील १९९१ च्या कायद्याने मान्य केला आणि खाजगी रानांत प्राण्यांची खरेदी-विक्री, हलवाहलव बारमाही सुरू झाली. प्रत्येक हलवाहलवीला पशुवैद्य लागतो. त्याच्याबरोबर शुल्क भरणारे पाचदहा विद्यार्थी नेले तर त्याचाही खर्च भागतो. यात गैर काही नाही. मात्र हा एक व्यवसाय आहे, शिष्यवृत्ती नव्हे, हे ओळखून वागावे.

या विद्येचे माहेरघर आफ्रिका व्हावे यालाही इतिहास आहे. पाळीव जनावराला दाव्याला बांधून औषध देता येते. रानातल्या प्राण्याला ते दुरून देता येईना, तोवर वन्यप्राण्यांवर वैद्यकी अशी चालतच नसे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये औषधाची पिचकारी झाडणाऱ्या बंदुका तयार झाल्या. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक या पशुवैद्याचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. पुढे १९६० नंतर एटॉर्फिन नावाचे विलक्षण तीव्र भुलीचे औषध हाती आले. पूर्व आफ्रिकेत काम करणारे पशुवैद्य टोनी हार्थूर्न यांनी ते गेंड्यांवर वापरून दाखविले आणि दक्षिण आफ्रिकेच्या उम्फोलोझी अरण्यात उरलेले पांढरे गेंडे बेशुद्ध करून इतरत्र हलविण्याची मोठी मोहीम त्याच्या बळावर पार पडली. पांढरा गेंडा आज जगात दिसतो तो बऱ्याच अंशी त्या कामामुळे. त्या औषधाचा एखादा थेंब माणसाच्या जखमेतून शरीरात गेला तरी प्राणावर बेतते. म्हणून ते हाताळणाऱ्याजवळ उतारा भरलेली दुसरी पिचकारी सदैव तयार ठेवण्याचा दंडक आहे.

तेव्हा आफ्रिकेत शिकण्यासारखे पुष्कळ आहे, याविषयी दुमत नसावे. बेशुद्ध प्राण्याच्या श्वासाची मोजणी, दर काही मिनिटांनी गुदद्वारातील तापमान पाहणे, डोळ्यांत मलम घालून ते झाकणे, रवंथ करणाऱ्या प्राण्याला पोट फुगू नये अशा स्थितीत ठेवणे, उतारा कधी द्यावयाचा याचा अंदाज घेणे, ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. आपल्याकडे पशुवैद्याला वर्षातून एखाद-दुसरा प्रसंग लाभतो. तेथे दोन आठवड्यांत डझनभर प्राणी हातांखालून जातात. जो विद्यार्थी भूलशास्त्र व औषधशास्त्र शिकून गेला आहे त्याला हे पंधरा दिवस पंधरा महिन्यांची शिदोरी देऊ शकतात. जो बारावीची परीक्षा देऊन गेला आहे त्याला मात्र ते बहुतांशी दुरून पाहावे लागते, कारण अर्हता नसलेल्याने औषध देणे कोणत्याही देशाच्या कायद्यात बसत नाही. जाहिरातीत ‘प्रत्यक्ष अनुभव’ असे शब्द असतात. तो अनुभव पुष्कळदा पिंजरे धुण्याचा, चारा तोलण्याचा आणि छायाचित्रे घेण्याचा असतो. पिंजरे धुण्यात कमीपणा नाही, उलट त्यातूनच प्राणी कळतो. परंतु ते काम शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही.

शिवाय एक भ्रम दूर करावयास हवा. परदेशातील अशा प्रमाणपत्राने भारतातील पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळण्यास काडीचीही मदत होत नाही. महाराष्ट्रात हा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर होतो. कर्नाटकात राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेमार्फत जागा भरल्या जातात आणि अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांसाठी पुन्हा ‘नीट’चेच गुण लागतात. बी.व्ही.एससी. अँड ए.एच. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. बेळगाव जिल्ह्यात आता अथणीसही पशुवैद्यकीय महाविद्यालय झाले आहे; महाराष्ट्रात १८८६ साली स्थापन झालेले मुंबईचे महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळचे महाविद्यालय ही सीमाभागास सोयीची आहेत. महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यावसायिक शिक्षणात ज्या सवलती ठेवल्या आहेत, त्यांची चौकशी अर्ज भरण्यापूर्वी अवश्य करावी. प्रवेशासाठी लागणारी रहिवासाची व मातृभाषेची कागदपत्रे शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत, हा दरवर्षीचाच अनुभव आहे.

आता दुसरी बाजू. आफ्रिकेत शिकलेले सर्वच येथे लागू पडत नाही. तेथे प्राणी मोकळ्या माळावर असतो, भोवती गर्दी नसते, जमिनीचा मालक सांगेल त्या वेळी काम सुरू होते. येथे बिबट्या असतो उसात, वेळ असते संध्याकाळची आणि बांधावर जमलेली असतात हजार-दोन हजार माणसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी पकडावयाचा किंवा बेशुद्ध करावयाचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. पशुवैद्याने स्वतःच्या मर्जीने बंदूक उचलावयाची नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगाव शहरात, जाधवनगर व गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, सापळे लावले, शिमोगा जिल्ह्यातील सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले. कित्येक दिवस शोध चालला आणि बिबट्या काही हाती लागला नाही. भुलीचे इंजेक्शन बसताच प्राणी धाडकन कोसळतो अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः बिबट्याला केटामीन व झायलाझीन यांचे मिश्रण दिल्यावर तो निपचित पडावयास दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात आणि तेवढ्या वेळात घाबरलेला प्राणी कोठेही जाऊ शकतो. उसाच्या फडात ही दहा मिनिटे फार मोठी असतात. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेल्या गव्याची कथा महाराष्ट्र विसरलेला नाही. तासन्‌तास लोकांच्या पाठलागाने तो थकला होता. पकडला गेला, पण जगला नाही. गर्दी आवरणे हा वन्यप्राणी-वैद्यकातील भूलशास्त्राइतकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि तो कोणत्याही परदेशी कार्यक्रमात शिकवीत नाहीत.

हवामानाचाही असाच मुद्दा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. त्यांच्याबरोबर तिकडचे नामांकित पशुवैद्यही होते. असे असूनही २०२३ च्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये काही चित्ते दगावले. त्यांच्या मानेवर व पाठीवर जखमा होऊन त्यांत किडे पडले होते आणि रक्तात विषबाधा झाली होती. दक्षिण गोलार्धात ते महिने हिवाळ्याचे असतात. त्या सवयीने चित्त्यांच्या अंगावर हिवाळी दाट केस आले आणि त्यांवर कोसळला आपला पाऊस. ओले केस, मानेला पट्टा आणि माश्या. बैलाच्या खांद्याला पडलेल्या जखमेत आषाढात किडे कसे होतात हे येथील शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. (कोल्हापूर संस्थानातही काळविटांच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणीत असत. ते सांभाळणाऱ्यांपाशी या बाबतीत काही आडाखे असतील, तर ते कोणी लिहून ठेवले असते तर बरे झाले असते.)

परंतु यावरून परदेशी विद्या कुचकामाची असे कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील शाजापूर भागात पिकांची नासाडी करणारे सुमारे नऊशे काळवीट व नीलगायी दक्षिण आफ्रिकी तज्ज्ञांच्या साहाय्याने हलविण्यात आल्या. त्यासाठी एकही इंजेक्शन वापरावे लागले नाही. हेलिकॉप्टरने कळप हळूहळू हाकीत नरसाळ्याच्या आकाराच्या कनातीत नेले आणि तेथून गाड्यांत चढविले. काळवीट हाताने धरू नये हे सूत्र येथे एका नव्या रीतीने पाळले गेले. अशी पद्धत पाहण्यासाठी कोणी विद्यार्थी तिकडे जात असेल तर त्याचा पैसा वाया गेला असे म्हणता येणार नाही.

सीमाभागात राहून काय शिकता येईल, याची यादी मात्र कोणीही जाहिरातीत छापीत नाही. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, पलीकडे चंदगड, राधानगरी, दोडामार्ग आहे. गवे शेतात उतरतात, दांडेलीकडून आलेले हत्ती २००२ पासून या पट्ट्यात वावरत आले आहेत, कृष्णेच्या पुरात मगरी काठावर येतात. माकडतापाचा विषाणू १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. गोचिडीमार्फत पसरणारा हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात माणसांचे बळी घेऊन गेला. रानात माकडे मरू लागणे ही त्याची पहिली सूचना असते. मेलेल्या माकडाची खबर वेळेवर पोहोचविणे आणि त्याचे शवविच्छेदन काळजीपूर्वक करणे यावर काजूच्या बागेत राबणाऱ्या मजुरांचे प्राण अवलंबून असतात. हे वन्यप्राणी-वैद्यकच होय. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात तेवीस सिंह मेले, त्यामागे कुत्र्यांतील डिस्टेंपर या रोगाचा विषाणू होता. गिधाडांचे उदाहरण तर सर्वश्रुत आहे. गायीम्हशींच्या सांधेदुखीवर टोचले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये भारताने पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर बंदी घातली. परंतु तोपर्यंत आकाश रिकामे झाले होते. गिधाडे वाचविण्यासाठी कोणाही पशुवैद्याला गिधाडाला हात लावावा लागला नसता. गोठ्यात मेलॉक्सिकॅमची बाटली उघडली असती तरी पुरे होते.

म्हणून क्रम असा असावा. पहिली दोन-तीन वर्षे गाय, म्हैस, शेळी, कुत्रा यांच्यावर हात बसू द्यावा. सुट्ट्यांत भूतरामनहट्टी, पुण्याचे कात्रज येथील प्राणिसंग्रहालय, जुन्नरजवळील माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र, म्हैसूर अथवा बन्नेरघट्टा यांपैकी कोठे रीतसर परवानगीने काम करता येते का, याची महाविद्यालयामार्फत विचारणा करावी. नागपूरला गोरेवाडा येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. डॉ. विनया जंगले यांचे ‘मुक्या वेदना’ हे पुस्तक मराठीत आहे. या व्यवसायातील रोजचा दिवस कसा असतो ते त्यातून कळते. त्यानंतर, चौथ्या-पाचव्या वर्षी, परदेशाचा विचार करावा. जगातील पशुवैद्यक विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना परस्परांच्या देशात विद्यार्थ्यांची देवाणघेवाण घडवून आणते आणि त्यात खर्च बराच कमी येतो. प्रिटोरियाजवळच्या ऑन्डरस्टेपूर्ट येथील विद्याशाखेसारख्या शिक्षणसंस्थांकडे महाविद्यालयाच्या पत्रासह थेट अर्ज करावा. पदवीनंतर ज्यांना याच शाखेत राहावयाचे आहे त्यांच्यासाठी लंडनचे रॉयल व्हेटरिनरी कॉलेज व तेथील प्राणिशास्त्र संस्था यांचा वन्यप्राणी-आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. ती परदेशातील उच्च पदवीसाठी मिळते, पंधरवड्याच्या कार्यक्रमासाठी नव्हे. अर्जदारांत हा घोटाळा नेहमी होतो.

शुल्क भरून जावयाचेच ठरले तर काही गोष्टी लेखी विचाराव्यात. बरोबर नोंदणीकृत पशुवैद्य कोण असेल, त्या महिन्यात कोणती कामे ठरली आहेत, काम रद्द झाल्यास काय, विमा कोणाचा. जेथे पाहुण्यांना सिंहाचे छावे कुरवाळावयास देतात त्या जागेपासून चार हात दूर राहावे. छावे आईपासून लवकर तोडल्याशिवाय असा खेळ चालत नाही आणि मोठे झाल्यावर त्या सिंहांचे काय होते हे तेथे कोणी सांगत नाही. निघण्यापूर्वी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. केनिया, युगांडा यांसारख्या पीतज्वराच्या देशांत जावयाचे असल्यास त्याची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस अधिकृत केंद्रावरच घ्यावी, नपेक्षा परतल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते. पीस, कवटी, रक्ताचा नमुना, दात यांपैकी काहीही आठवण म्हणून आणू नये. तो गुन्हा ठरू शकतो.

परतल्यावर घरच्या गोठ्यात जाण्याची घाई करू नये. आफ्रिकेतील रानम्हशींच्या अंगात लाळ्या-खुरकुताचे जे विषाणू वर्षानुवर्षे राहतात त्यांचे प्रकार आपल्याकडील प्रकारांहून वेगळे आहेत, आणि आपल्या जनावरांना टोचल्या जाणाऱ्या लसीत त्यांच्यावर उपाय नाही. तिकडे वापरलेले बूट तिकडेच घासून, जंतुनाशकात बुडवून, वाळवून घ्यावेत. कपडे उकळून धुवावेत. आणि निदान आठवडाभर तरी जनावरांच्या दावणीकडे फिरकू नये.